पाटावरचा पाना

माझ्या थोरल्या भावाला अख्खं गाव भडका म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागं. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तो इटलीत लष्करी मोटारींच्या कारखान्यात होता. लढाई संपली तेव्हा पत्र्याची पेटीभर पाने आणि जाताना होता त्याच्या दुप्पट राग घेऊन घरी आला. माणसांवर रागवायचा ते एक वेळ ठीक, पण हा वस्तूंवरही रागवायचा. लोखंडी खाट करकरली की तिला शिवी हासडून उठायचा आणि तिचे नट आवळायचा. कुणाच्या बैलगाडीचं चाक डुगडुगताना दिसलं तर भर रस्त्यात गाडी थांबवायचा, गाडीवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि मग स्वतःच धुळीत बसून खीळ ठोकून द्यायचा.

सैल काही त्याला बघवत नसे. "नट आवळायचा तर मनापास्नं आवळ तायडे, न्हाईतर हात लावू नगंस," हे वाक्य मी त्याच्याकडून उठताबसता ऐकलं. आणि याच माणसाबद्दल पुढं सगळ्या गावानं मान हलवून म्हटलं की तो चाक आवळायला विसरला. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

दादाला शर्यतीची मोटार बांधायची होती. इटलीत असताना त्यानं आपल्या गोठ्याएवढ्या खोल्यांतून लोक शर्यतीच्या मोटारी बांधताना पाहिले होते. "त्येंचं हात काय सोन्याचं हायती?" असं तो आयेला विचारायचा. आये चुलीतलं लाकूड पुढं सारायची. मग एक दिवस तो लष्करानं मोडीत काढलेली एक जीप बैलांना ओढायला लावून घरी घेऊन आला. बैलांनी ती ओढून आणली आणि बक्षीस म्हणून त्यांनाच गोठ्यातून बाहेर काढण्यात आलं. त्यांच्यासाठी अंगणात पाचटाचं छप्पर घातलं आणि गोठ्यात जीप गेली.

"बैलं उघड्यावर आन् लोखंड छपरात. इपरीत हाय," एवढंच आये म्हणाली. त्या दिवसापासून तिनं गोठ्यात पाय ठेवला नाही. त्याची भाकरी माझ्याबरोबर पाठवायची. मोटारीला ती कधी मोटार म्हणाली नाही, 'त्ये' म्हणायची. "त्येच्यापायी पोरगं हातचं गेलं," असं पाणवठ्यावर सांगायची. दादा जगाशी भांडायचा, पण आयेपुढं त्याचा आवाज कधी चढला नाही. लहानपणापासूनचं होतं ते. तिचा राग त्याच्या रागापेक्षा मोठा होता आणि तो बोलून न दाखवण्याचा होता.

जीपचं सगळं अंग त्यानं सोलून काढलं. इंजिन मागं सरकवलं, बैठक जमिनीला टेकेल इतकी खाली आणली. वरच्या अंगाला पत्रा मिळेना, तेव्हा चुलत्याच्या गुऱ्हाळातली, गूळ कढवायची, तळ गेलेली काहील उचलून आणली. चुलते काठी घेऊन आले, दादानं त्यांना घण दाखवला, आणि काहील राहिली ती राहिलीच. तो बाहेरून पत्रा ठोकायचा, मी आतून लोखंडाचा ठोकळा धरायची. हात जरा हलला की तो माझ्यावर ओरडायचा. मीही त्याचीच बहीण, ठोकळा टाकून उलट ओरडायची. त्या काळात आमच्या घरात हळू आवाजात बोलणारी फक्त बैलं होती. पण पत्र्याला बाक बरोबर आला की तो तळहात फिरवून बघायचा, मग माझा हात धरून त्यावरून फिरवायचा. त्यासाठी मी पुन्हा ठोकळा धरायची.

आमच्या गावाची शीव ओलांडली की एका लहानशा संस्थानची हद्द लागे. दसऱ्याला तिथले सरकार लवाजमा घेऊन सीमोल्लंघनाला येत. संस्थानं जाणार अशी तेव्हा हवा होती. जाता जाता शेवटची हौस असेल, त्यांनी त्या दसऱ्याला शिवेपासून ओढ्याच्या पुलापर्यंत आणि परत अशी मोटारींची शर्यत लावली. सांगलीकडचे गूळव्यापारी आणि संस्थानातले सरदार आपापल्या चकचकीत मोटारी घेऊन येणार होते. दादाला त्यांच्या बक्षिसाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला एकच हवं होतं. आयेनं यावं आणि त्याची मोटार पळताना डोळ्यांनी बघावी. हे त्यानं मला सांगितलं होतं, आयेला सांगायची त्याची टाप नव्हती.

खंडेनवमीला सकाळी त्यानं पुढचं डावं चाक काढलं, ब्रेक नीट केला, नट नुसते बोटांनी बसवून ठेवले आणि पाने तिथंच टाकून पेट्रोलच्या खटपटीला तालुक्याला गेला. दुपारी परत आला तर गोठ्यात एकही पाना नाही. सगळे घरात. चिंच लावून घासलेले, पाटावर ओळीनं मांडलेले, हळदकुंकू लावलेले, वर झेंडूची फुलं. समोर आये हात जोडून बसलेली. मोटारीच्या नाकाडावरही कुंकवाचं बोट होतं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा गोठ्यात गेली होती.

आमच्या घरची रीत अशी की खंडेनवमीला पाटावर चढलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. घरातली विळीसुद्धा पाटावर असायची, त्या दिवशी भाजी हातानं मोडायची.

"बाळा, केली बग तुझ्या हत्यारांची पूजा," आये म्हणाली. "आता माझ्या जिवाला घोर न्हाई. उद्या येती मी बगाय."

दादाचं तोंड लालभडक झालं. मी भिंतीला टेकून स्फोटाची वाट बघत होते. तो म्हणाला, "ब्येस केलंस, आये." आणि बाहेर पडला.

मी आयेची पाठ वळल्यावर चाकाचा पाना उचलायला हात घातला, तर दादानं येऊन माझं मनगट धरलं. "हात लावू नगंस. आज पैल्यांदा तिनं गोठ्यात पाय ठिवलाय. हत्यार उचललं तर उद्या शिवंवर यायची न्हाई ती."

"मग चाकाचं काय?"

"हातानं आवळतो. उद्या तितं कुणाचा तरी पाना मागून घ्येतो."

गावात मोटारीचा पाना दुसऱ्या कुणाकडं नव्हता. तरी तो लोहाराकडं जाऊन आला. लोहाराचा भाता बंद आणि त्याचीही हत्यारं पाटावर.

दसऱ्याला पेट्रोल वाचवायचं म्हणून मोटार बैलांनीच शिवेवर ओढत नेली. आये ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या गाडीत बसली होती. तिथं पोचल्याबरोबर दादानं एका सरदाराच्या ड्रायव्हरकडं पाना मागितला. ड्रायव्हरनं काहिलीच्या पत्र्याकडं बघितलं आणि म्हणाला, "गुळाची मोटार दिसतीया. मग पाना कशाला, उलथनं घे की." भोवतीचे सगळे हसले. दादानं त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवासोडव केली. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी विचार. म्हणाला, "मेलो तरी न्हाई."

जिथं भडकायला हवं होतं तिथं गप्प बसला, आणि जिथं गप्प बसायचं तिथं भडकला. याबद्दल मी त्याला कधी माफ केलं नाही आणि करणारही नाही.

पुलावरून परत येताना तो सगळ्यांच्या पुढं होता. चकचकीत मोटारी त्याच्या धुळीत होत्या. आये बैलगाडीत उभी राहिली होती, डोक्यावरचा पदर कधी सरकला तिला कळलं नव्हतं. "आलं गं, आपलं आलं," असं ती म्हणत होती. मग धुळीतून एक चाक एकटंच बाहेर आलं आणि रस्त्यानं पळत राहिलं. लोकांना काही कळलं नाही, ते टाळ्या वाजवत होते. मोटार मागं शेताच्या बांधावर उलटी होऊन पडली होती.

मिरजेच्या इस्पितळात नेऊन त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य आयेशी बोलला, "चाक आवळायचं इसरलो, आये."

मी तिथंच उभी होते. आये बाहेर गेल्यावर म्हटलं, मी तिला खरं काय ते सांगणार. तो म्हणाला, "सांगितलंस तर परत तुजं त्वांड बगणार न्हाई." आवाज न चढवता म्हणाला, म्हणून मी गप्प बसले.

मग घरी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आये सांगू लागली, "इसरलं माजं येडं. चाक आवळायचं इसरलं." लोक चुकचुकायचे. ज्याच्या गाडीची खीळ दादानं धुळीत बसून ठोकली होती, तोसुद्धा म्हणाला, होतं असं कधीतरी. आणि एक शब्द खाली पडू न देणारा माझा भाऊ खाटेवरून म्हणायचा, "व्हय, इसरलो." ती खाट त्याच्या खाली करकरायची. तो तसाच पडून राहायचा. मला वाटायचं, त्यानं उठावं, शिवी द्यावी, काहीतरी फेकून मारावं. मीच भांडी आपटायची.

वर्ष फिरलं. खंडेनवमी आली. आयेनं पेटी उघडली, पाने चिंचेनं घासले, पाटावर ओळीनं मांडले. मी बघितलं, चाकाचा पाना त्यात नव्हता. तो तिनं पुसून दादाच्या खाटेवर, त्याच्या हाताशी ठेवला होता. मी विचारलं, ह्याची पूजा नाही का?

"त्यो भाईरच असू दे," आये माझ्याकडं न बघता म्हणाली. "लागला तर कुणाला मागाय नगं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधी समजलं कोण जाणे. आपल्या पोराला ती काही माझ्यापेक्षा कमी ओळखत नव्हती. दादानं पाना उचलून उशाखाली ठेवला. आयेनं समई लावली. त्यानंतर ती कुणापुढं त्याला विसराळू म्हणाली नाही, पण खरं काय तेही कधी म्हणाली नाही. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. एकमेकांना जपायचं म्हणून दोघं जन्मभर गप्प बसले आणि सगळा राग माझ्या एकटीच्या गळ्यात ठेवून गेले.

आये गेली तेव्हा तिच्या दहाव्याला मी दादाला म्हटलं, आता तरी लोकांना सांगू दे. तो कुबडीवर उठून उभा राहिला, तोंड पहिल्यासारखं लालभडक. "आये ग्येली म्हणून तिला आता उभं करायचं व्हय गं चारचौघांत?" असा ओरडला की अंगणातले बैल दचकले. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला आणि मी रडायलाच लागले.

आता दादाही नाही. पाना माझ्याकडं आहे. खंडेनवमीला मी शिलाईचं यंत्र पुजते, विळी पुजते, कात्री पुजते. पाना उंबऱ्याबाहेर ठेवते. त्याला हळदकुंकू लावायला माझा हात होत नाही.