नायट्रोजनही तापतो

टायरमध्ये नायट्रोजन भरला की उन्हातही प्रेशर वाढत नाही, ही थाप तुम्हीही खरी मानली आहे ना? मी मानली होती.

मे महिन्यात, सकाळभर उन्हात गाडी फिरवून, सात महिन्यांच्या गरोदर ताईला घेऊन मी महाडला निघालो. स्वारगेटजवळ नायट्रोजन भरणाऱ्या एका काकूंनी प्रेशर मोजलं. बत्तीसऐवजी अडतीस.

“काकू, सहा पॉइंट सोडा. घाट उतरायचाय.”

तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी टायरला उपडा हात लावला. “टायर तापलाय. तासभर थांबा.”

“पण आत नायट्रोजन आहे.”

“मग? तापला की त्याचाही दाब वाढतोच. आत्ता सोडला, तर गार झाल्यावर कमी पडेल. कमी हवेचा टायर चालताना दबतो, आणखी तापतो आणि घाटात फुटतो.”

“दुकानाच्या बोर्डावर तर लिहिलंय, नायट्रोजनचं प्रेशर वाढत नाही.”

“बोर्ड मालकांनी लिहिलाय. टायर मी बघते. घाई असेल तर पुढे दुसरं दुकान आहे.”

मी चिडलो. तोवर त्यांनी स्वतःचं स्टूल सावलीत ठेवून ताईला बसवलं होतं, हातात पाणीही दिलं होतं.

तासाभराने प्रेशर तेहेतीसवर आलं. त्यांनी काहीच सोडलं नाही, पैसेही घेतले नाहीत. मालकाच्या बोर्डाखाली बसून त्या खरं बोलल्या होत्या, आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं.

प्रवासाला निघण्याआधी टायर गार असतानाच प्रेशर तपासा. आणि तपासणाऱ्याने थांबायला सांगितलं, तर कृपा करून थांबा.