शुगर किती आली

नवरा गेल्यावर पिंपरी पेंढारच्या घरात मी एकटीच उरले. मुलगा पुण्यात नोकरीला. मधुमेह माझा जुना, त्यामुळे शुगर उतरली की दरदरून घाम येतो, हातपाय गळतात, हे अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी सकाळी भाकरी थापताना तसंच झालं. मूठभर साखर खाल्ली आणि भिंतीला टेकून बसले. एरवी थोड्या वेळात बरं वाटायचं. त्या दिवशी वाटेना. पुन्हा साखर खाल्ली. छातीत काहीच दुखत नव्हतं, पण श्वास पुरेना.

खिडकीतून शेजारच्या किराणा दुकानातल्या वहिनींना हाक मारली. त्या धावत आल्या. "काकू, लई घाम आलाय तुमाला. चला, गाडी काढायला सांगते."

नारायणगावच्या दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. मधुमेहात पुष्कळांना कळ जाणवतच नाही."

मग बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. शुगर उतरलेली नव्हतीच, भलतीच चढली होती.

"मीच साखर खाल्ली व्हती," मी घाबरून म्हणाले.

"त्यानं वाढली असेल, पण अटॅकच्या ताणानंही वाढते. आता हृदय आणि शुगर, दोन्ही सांभाळायचंय."

त्याच दिवशी स्टेंट टाकला. मुलगा पुण्याहून आला, त्याला थोडा वेळ आयसीयूत सोडलं, मग तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत मी आणि यंत्रांचे आवाज. इन्सुलिन सुरू होतं, म्हणून नर्स दर तासाला शुगर बघायची. माझं बोट हातात घ्यायची, चोळायची, टोचायची, कापूस दाबून धरायची. नवरा गेल्यापासून माझा हात असा कुणी धरला नव्हता. मी तिची वाट बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती हसत म्हणाली, "शुगर आटोक्यात आली, आजी. आता सारखं टोचायला नको. सुटलात!"

माझे डोळे भरून आले.

"दुखतंय का कुठं?"

"न्हाई गं."

आता घरी माझी मीच टोचते. मुलगा रोज सकाळी फोन करतो. "किती आली?" आकडा ऐकला की "बरंय" म्हणून ठेवून देतो. म्हणून हल्ली मी आकडा लगेच सांगत नाही. आधी वहिनींच्या सुनेचं सांगते, मग मागच्या आंब्याला आलेल्या मोहोराचं.

"आई, शुगर?" तो विचारतो.

"थांब, सांगते."