आधार कार्डावर आपल्याच गावाचा पत्ता

गेल्या मंगळवारी आई आणि मी आपल्याच शहरात बेघर झालो... तेही हौसेनं घराचं रंगकाम काढल्यामुळे.

आईला दमा आहे. रंगाच्या वासानं सकाळीच धाप लागली, पंप दोनदा घेऊन झाला. डॉक्टर फोनवर म्हणाले, दोन दिवस वासापासून लांब ठेवा. मावशी लासूर स्टेशनला असते, पण तिचं घर धान्याच्या मोंढ्याला लागून, धूळच धूळ. म्हटलं, सरळ हॉटेलात राहू.

मोबाइलवरून एक चांगलं हॉटेल बुक केलं. लिफ्ट, एसी, सगळं झकास. मॅनेजरनं आधार कार्ड उलटून पत्ता वाचला. "मॅडम, लोकल आयडी नहीं चलता." गुलमंडीला राहणं म्हणजे जणू गुन्हाच! सत्तरीच्या आईला घेऊन मी इथं काय लफडं करणार, असं विचारणार होते... पण आईकडे बघून कार्ड उचललं नि निघाले.

शहरातल्या स्टेशनजवळच्या लॉजवर तेच उत्तर, वर दोन मजल्यांचा जिना. आई रिक्षातच बसून होती, छाती वाजत होती. आता मात्र मी घाबरले.

रिक्षावाले शकीलभाई म्हणाले, "ताई, वेरूळला चला की. हवा बी साफ हाय, अन् भक्तनिवास बी." गेलो. भक्तनिवासाच्या खोल्या लख्ख, भाडं अगदी कमी. पण दारातच पाटी... मुक्काम फक्त जिल्ह्याबाहेरच्या भाविकांसाठी. आयुष्य इथं काढलं, पण आपल्याच जिल्ह्यात खोली मिळत नाही हे मला कधी ठाऊकच नव्हतं.

शेवटी मागच्या गल्लीत एक होमस्टे दिसला. म्हणजे सुनंदाताईंचं राहतं घर, पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना. आईला ओटा चढताना पाहिलं आणि सुनंदाताई आधी आत गेल्या. बुद्धाच्या मूर्तीपुढची अगरबत्ती विझवली, खिडक्या उघडल्या, मग आमच्याकडे वळल्या.

मी चाचरतच कार्ड पुढं केलं. "पत्ता इथलाच आहे हो..."

त्यांनी तो वहीत उतरवून घेतला. "मग बरंच झालं की! आईंना कमीजास्त वाटलं तर तुमचा डॉक्टर जवळ हाय. लांबच्या माणसाचीच आम्हाला लई काळजी असती."

अर्ध्या तासात आई शांत झोपली. मी ओट्यावर बसून चक्क रडले.

हॉटेलांचे नियम असतील, असू देत. मला राग आहेच. पण सुनंदाताई, आम्ही काही सांगायच्या आत तुम्ही आईचा श्वास ऐकलात... हे मी विसरणार नाही.