भावाचा उपास

कांताबाईने कांदा विकला नाही, कारण भावाने नको म्हटलं होतं. झालं, एवढंच कारण. नवऱ्यामागे केदारखेड्याची शेती ती एकटी ओढत होती, व्यापाऱ्याला तोंडावर खोटं पाडत होती. पण धावड्याच्या तातेरावाचं, थोरल्या भावाचं, बोलणं तिने कधी पारखून घेतलं नाही.

लढाईचा उन्हाळा होता. सरकार कांद्याची निर्यात बंद करणार, अशी बाजारात कुजबुज. तातेरावाची उठबस पुढाऱ्यांत. तो म्हणाला, "कांते, अफवा हायेत. बिलकुल घाई करू नको. मी बी माल धरून राह्यलो."

त्या कांद्यावर लेकीला, बेबीनंदाला, जालन्याला नर्सिंगला घालायचं ठरलं होतं. तरी कांताबाईने दारात आलेला व्यापारी परत पाठवला. आठवड्यात बंदी आली, वर सरकारने भावही बांधून टाकला. सीमेवरच्या पोरांसाठी सोसायला तिची ना नव्हती. पण घेणाराच उरला नाही. आषाढात कांदाचाळीत हात घातला की कांदा आतून गरम लागायचा. सडका माल रोज पाट्या भरून उकिरड्यावर. नर्सिंगचे प्रवेशही संपले.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती माहेरी गेली, दरसालसारखा भावाच्या आयुष्यासाठी भावाचा उपास धरून. घरामागे पोरी खिदळत होत्या म्हणून तिकडे वळली. तातेरावाच्या कांदाचाळीत, मधल्या आडव्या लाकडाला, पंचमीचा झोका बांधलेला! खाली कांद्याचं टरफलही नाही.

"आत्या, बसा ना!" भाची म्हणाली. "यंदा चाळ लवकर रिकामी झाली. बंदीच्या आधीच ट्रक गेल्ता."

तातेराव मागे येऊन उभा होता. "एकच ट्रक भेटला, कांते. दोघांचा माल बसत नव्हता."

"मंग तसं सांगायचं. मी दारातच इकला असता."

"तू काढला असता तर बोभाटा झाला असता. समदेच धावले असते, मंग माझा भाव..."

भावजय केशरबाई भगरीची ताटली घेऊन आली. कांताबाईने मागच्या ओट्यावर बसकण मारली.

"वहिनी, भगर नको. भाकर द्या. अन् कांदा."

"अवो वन्सं, आज भावाचा उपास न्हाई का?"

"म्हणून तर मागून राह्यले."

केशरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिने खायचा ठेवलेला कांदा आणून दिला. कांताबाईने तो बुक्कीने फोडला आणि भावाला समोर उभा ठेवून अख्खी भाकर खाल्ली. हात धुतले. पंचमीला न थांबता एस्टीच्या थांब्याकडे चालू लागली.