चार गुरुवार, बिनधक्क्याचे

गल्लीत तिला टाचणीमावशी म्हणतात. ओठांत सदा चार-पाच टाचण्या धरलेल्या, आणि मनगटावर टाचण्या टोचायची गादी, घड्याळासारखी बांधलेली. ती गादी झोपताना तरी काढते की नाही, यावर समोरच्या न्हाव्याचं आणि निवृत्त पोस्टमनचं आजवर एकमत झालेलं नाही.

तिचं शिवणकाम इस्पितळाचं. डॉक्टरांचे पांढरे कोट, पडदे, उशांचे अभ्रे. दर गुरुवारी नऊच्या आत टेकडीपलीकडे गठ्ठे पोचवायचे. त्यासाठी तिच्याकडे एक जुनी हिरवी गाडी आहे, दोन दारांची. घेतली नवऱ्यानं, चालवली तिनं. त्याला चालवता येत नसे. तो शेजारी बसून रस्ता सांगायचा, तोही चुकीचा. तो गेल्यापासून ती एकटीच जाते आणि वेळेत पोचते, पण शेजारची सीट गठ्ठ्यांनी भरल्याशिवाय तिला गाडी सुरू करवत नाही.

अर्थात, गाडीची तयारी असेल तर. आठवडाभर दारात उभी राहिली की गुरुवारी बॅटरी मेलेली. नवी बॅटरी दोनदा झाली. एक मेकॅनिक म्हणाला, कुठली तरी वायर गुपचूप करंट पिते. दुसरा म्हणाला, सगळ्याच पितात. मग उरला धक्का. चार वर्षं दर गुरुवारी सव्वाआठला न्हावी, पोस्टमन आणि बेकरीवाला गाडीच्या पाठीला हात लावत. मावशी खिडकीतून हात काढून पंजा हलवायची, म्हणजे जोर लावा. उतारावर बेकरीच्या पुढे गाडी दोनदा खोकायची आणि सुरू व्हायची.

परगावी राहणाऱ्या मुलाला हे पटत नव्हतं. "आई, विकून टाक ती. एखाद्या दिवशी टेकडीच्या चढावर बंद पडली, तर तिथे कोण न्हावी येणार आहे?"

मावशीनं बरंच ऐकून घेतलं आणि शेवटी शर्त लावली. चार गुरुवार धक्का न लागता गेले, तर गाडी राहणार. एकदा जरी लागला, तर रविवारी मुलानं गिऱ्हाईक आणावं. पंच म्हणून दोघांनी पोस्टमन नेमला. कारण उघड होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत, पत्राची वाट बघणाऱ्याला धीर म्हणूनसुद्धा 'उद्या येईल हं' असं खोटं तो कधी बोललेला नव्हता.

मावशी गाडीच्या सामानाच्या दुकानात गेली आणि एकच प्रश्न विचारला. "काम संपलं की मी शिलाई मशीनची पिन भिंतीतून काढून ठेवते. गाडीचं तसं का नाही करता येत?"

दुकानदारानं डोकं खाजवलं आणि खणातून बॅटरी कटऑफ स्विच काढून दिला. मुठीत मावेल एवढा, वर लाल चावी. चावी फिरवून काढली की बॅटरीचा गाडीशी संबंध तुटला, मग वायरींनी प्यायचं काय? बसवून देतो म्हणाला, पण मावशीनं नीट समजून घेतलं आणि घरी आली.

बुधवारी सकाळी तिनं बॉनेट उघडलं. तिघे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. न्हाव्यानं तीन सल्ले दिले, तिन्ही परस्परांविरुद्ध. मावशीनं पान्यानं आधी मायनसची वायर सोडवली. ती चुकून कुठे टेकू नये म्हणून अभ्र्यासाठी कापलेल्या तुकड्यात गुंडाळून बाजूला ठेवली. बॅटरीच्या टोकावर पांढरं बुरशीसारखं साचलं होतं, ते खाण्याचा सोडा आणि दातांच्या जुन्या ब्रशनं घासलं, पुसलं, कोरडं केलं. टोकावर स्विच बसवला, स्विचच्या दुसऱ्या बाजूला वायर कसली, आणि बटण शिवल्यावर ओढून बघावं तसं सगळं ओढून बघितलं. मग लाल चावी काढून मनगटावरच्या गादीत खोचली.

पहिला गुरुवार. चावी बसवली, फिरवली, गाडी पहिल्या हाकेला ओ देऊन गेली. दुसरा तसाच. तिसऱ्याला न्हावी दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आत बसलेलं. गाडी निघून गेल्यावर तो पोस्टमनला म्हणाला, काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. बेकरीवाला म्हणाला, माझं तर पोट सुटायला लागलंय.

चौथ्या गुरुवारी एका कोटाचं बटण राहिलं होतं. मावशीनं ते गाडीतच बसून शिवलं. ओठांत टाचण्या, डोळा घड्याळावर. नेहमीच्या चावीनं गाडी सुरू करायला गेली तर एरवीची टिकटिकसुद्धा नाही. एकदम शांतता.

ती शांतता समोर न्हाव्यानं ऐकली. तीन आठवडे दाबून ठेवलेला उत्साह, तिघेही धावत आले. मावशीच्या तेवढ्यात लक्षात आलं, बॉनेट उघडायलाच विसरले, लाल चावी अजून मनगटावरच आहे. काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिला ओरडायचं होतं, थांबा. पण ओठांत टाचण्या. मग तिनं खिडकीतून हात काढून जोरजोरात पंजा हलवला.

त्यांनी आणखी जोर लावला.

बेकरी मागे पडली, औषधांचं दुकान मागे पडलं, गाडी खोकलीसुद्धा नाही. शेवटी मावशीनं ब्रेक दाबला, टाचण्या हातावर काढल्या, खाली उतरली, आणि बॉनेट उघडून लाल चावी बसवली. गाडी लगेच सुरू झाली. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"हे कुणाला कळायची गरज नाही," न्हावी धापा टाकत म्हणाला. "काय पोस्टमनदादा?"

मावशीच म्हणाली, "वाकडी शिलाई लपवायची नसते, उसवायची असते. दादा, घडलं तेवढं सांगा." आणि इस्पितळाच्या वाटेला लागली. बाकी तिचा चेहरा उतरलेला तिघांनीही बघितला होता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मावशीनं तो पोस्टमनच्या हातात दिला आणि पाठ फिरवून मशीनवर बसली. मशीन मात्र चालवेना.

"काका, धक्का लागला?"

"आम्ही मारला," पोस्टमन म्हणाला. "औषधांच्या दुकानापर्यंत. गाडी सुरू झाली नाही. मग बाईंनी स्विचची चावी बसवली आणि गाडी जागेवर सुरू झाली. बॅटरीत काही खोट नव्हती. खोट आमच्या घाईत होती."

"तिनं थांबवलं नाही तुम्हाला?"

"थांबवलं की. हात हलवून."

पलीकडे मुलगा इतका हसला की मशीनपाशी बसलेल्या मावशीलाही ऐकू गेलं. सुट्टीत घरी आला की मागच्या सीटवर बसून त्यानंही तो पंजा कितीदा बघितला होता.

"राहू दे गाडी," तो म्हणाला. "पण आईला सांगा, ती चावी मनगटावर नको."

मावशीनं त्याच संध्याकाळी लाल चावीला हातभर लांब फीत शिवली. आता गाडी उभी केली की चावी स्टिअरिंगवर लटकते. तिला हात लावल्याशिवाय गाडी चालवायला बसताच येत नाही.

गुरुवारी सव्वाआठला तिघे अजून येतात. मावशी त्यांच्या हातात एकेक गठ्ठा देते, आणि ते शेजारची सीट भरतात.