वहिनीच्या नावाचा राजीनामा

माझी वहिनी दात बनवायची. म्हणजे कवळ्या. दवाखान्यातून जबड्याचा ठसा यायचा, त्यात ती प्लास्टर ओतायची, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायची आणि शेवटी गुलाबी हिरडी घासून अशी गुळगुळीत करायची की जिभेला कुठे काही टोचू नये. लग्नाआधीपासून ती हे काम करत होती. लग्न ठरताना दादाने "माझी काही हरकत नाही" असं चारदा सांगितलं होतं.

कार्यशाळा एका खोलीची, मालक धरून चार माणसं. मालकाला सगळे मास्तर म्हणत. वहिनीचा हात इतका बसलेला होता की डॉक्टर चिठ्ठीत लिहून पाठवायचे, बाईंकडूनच करून घ्या.

घरी मात्र ती आली की आई नाक मुरडायची. "शी! मेलेल्यांचे दात हाताळून आलीस. आधी आंघोळ कर."

"आई, ते कुणाचेच नसतात. डब्यातून नवे येतात," वहिनी हसून सांगायची आणि तशीच चहा टाकायला जायची.

दादा एका गोदामात कारकून होता. एके दिवशी त्याच्या साहेबांची आई कवळी घालून गोदामात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दातवाल्या बाईंचे मिस्टर ना तुम्ही?" झालं. त्या दिवसापासून गोदामात त्याचं नाव पडलं कवळी. घरी आला तो धुमसतच. मग रोजचं सुरू झालं. मुलीची आबाळ होते, आईला झेपत नाही, घराला घरपण राहिलं नाही. आईला न झेपण्यासारखं काही नव्हतंच. दोन्ही वेळचा स्वयंपाक वहिनी करायची, त्यांच्या मुलीला शाळेत सोडायलाही तीच जायची.

त्यातच मास्तरांनी वहिनीला मुख्य कारागीर करायचं ठरवलं.

"सोड आता ते," दादा म्हणाला.

"नाही सोडणार."

"मी विचारत नाहीये."

"मग सांगताय कशाला?"

दादाने तेव्हा पेपर उघडला. आम्हाला वाटलं, मिटलं.

पुढच्या शनिवारी वहिनी मुलीला घेऊन दोन दिवस माहेरी गेली. दादाने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. माझं अक्षर वहिनीसारखंच होतं, कारण दहावीच्या वर्षी रोज एक पान लिहून घेऊन तिनेच ते वळवलं होतं. दादा सांगत गेला, मी लिहीत गेले. 'घरगुती कारणास्तव मी कामाचा राजीनामा देत आहे.' सहीसुद्धा मीच केली. दुसऱ्या खेपेला ती हुबेहूब जमली, आणि जमली म्हणून मला आनंद झाला.

सोमवारी वहिनी परस्पर कामावर गेली, तर तिच्या स्टुलावर दुसरीच मुलगी बसलेली.

"तुमचे मिस्टर स्वतः येऊन कागद देऊन गेले," मास्तर म्हणाले. "मिठाईही आणली होती. मी म्हटलं, घरचा मामला, आपण कशाला मध्ये पडा?"

"मला एकदा विचारायचंत तरी."

"विचारायचं काय त्यात? सही तुमचीच होती."

सात वर्षं ती त्या माणसाशेजारी बसून काम करत होती. तिने तो कागद मागून घेतला आणि घरी आली. संध्याकाळी दादा आल्यावर तो तिने टेबलावर ठेवला, पण पाहिलं माझ्याकडे.

"अक्षर तुझं. सहीपण?"

मी मान डोलावली. वहिनी मोरीत गेली आणि भडाभडा ओकली. आईचा चेहरा एकदम उजळला. "अगंबाई, दिवस गेले की काय?" ती म्हणाली. आणि दादा हसला. दिलखुलास, सुटल्यासारखा हसला.

इतकी घाणेरडी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत, आणि त्यांत मीही होते.

पंधरा दिवसांत वहिनीने गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागेल अशा ठिकाणी काम मिळवलं. तिथे पुन्हा पहिल्यापासून, ठसे धुण्यापासून सुरुवात. दादाने आदळआपट केली. तिने डबा भरला आणि निघाली. वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. दादाशी तर त्याहून कमी.

पुढे गोदाम बंद पडलं आणि दादा घरी बसला. घर वहिनीवर चालू लागलं, तशी त्याची भाषाही बदलली. माझ्या लग्नाची बोलणी चालली असताना पाय पसरून म्हणाला, "आमच्याकडे बायकांना नोकरी करू देतात." करू देतात!

सव्वीस वर्षांनी वहिनी तिथून निवृत्त झाली, तेव्हा ती मुख्य कारागीर होती. निरोपाच्या चहाला आम्ही सगळे गेलो. कुणीतरी दादाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठून म्हणाला, "मी हिला पहिल्या दिवसापासून मोकळीक दिली."

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, "यांनी माझ्या नावाने खोटा राजीनामा दिला होता. मिठाई घेऊन."

खोलीतले सगळे दादाकडे बघू लागले. मग दादा हसत म्हणाला, "गंमत करते हो ती." तेवढ्यावर सगळे हसले. माणसांना हायसं वाटलं की ती कशावरही हसतात. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "वहिनी, माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझं तू घे," ती म्हणाली आणि बस आली म्हणून भराभर पुढे गेली.

मी आधी नवऱ्याला सांगितलं, मग वहिनीच्या मुलीला. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही. मुलगी बोलते, पण हातचं राखून.