नांदूरघाटापर्यंत अनवाणी

भर दुपारी एक वाजता गच्चीवर जायचं, चपला दाराशी काढायच्या आणि तापलेल्या स्लॅबवर दोन्ही पाय रोवून उभं राहायचं. मग डोळे मिटून एसटीच्या कंडक्टरसारखं एकेक गाव पुकारायचं. "बीड... पाली... मांजरसुंबा..." जिथं सोसेना तिथं टुणकन उडी मारून सावलीत यायचं. आमच्या मिस्तरींची स्लॅब तपासायची ही रीत होती.

पालीला उडी पडली तर गच्चीला चुन्याचे तीन हात, मांजरसुंब्याला दोन, नेकनूरला एक. नेकनूरच्या पुढं त्यांचं गाव, नांदूरघाट. "घरापर्यंत पोचू देईल असा स्लॅब अख्ख्या बीडात न्हाई, आप्पा," ते म्हणायचे. "ज्या दिवशी पोचलो, त्या दिवशी चुना बंद, कूलर बंद, मिस्तरी बी बंद!"

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याला कुणी बोलावत नाही, तो येतोच. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मिस्तरी आमच्या दारात हजर असत, कानामागं गुलाबी रंग तसाच. माझं खाली भांड्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर घर आणि वर स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांची अभ्यासिका. उन्हाळ्यात वरची खोली भट्टी होते. पोरं आधीच परीक्षेनं भाजलेली, त्यात वरून ऊन. म्हणून टाकी धुणं, कूलरचं गवत बदलणं, पंखे पुसणं आणि चुना हे सगळं मार्चातच उरकावं लागतं.

मिस्तरी कूलर उघडायचे तो सोहळाच असे. आधी मला शिव्या. "कावून झाकला न्हाई हो? बघा, पालीनं संसार मांडलाय." मग जुनं गवत ओढून काढायचं, त्याचा वास घ्यायचा आणि माझ्याकडं असं बघायचं की जणू मीच ते कुजवलं होतं. मोटर सुरू करून कान लावायचा. "आप्पा, ही मोटर खोकतीय. तुमी न्हाई का सकाळी खोकत? तसंच." बायको आतून खुदकन हसायची. माझ्यावर हसायला तिला मिस्तरींची सोबत मिळे, एरवी ती एकटीच हसायची.

त्यांच्या तळपायावर मात्र कुणी हसत नसे. गल्लीतल्या एका इंजिनिअरनं एकदा तापमान मोजायचं यंत्र आणलं. मिस्तरींनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. "याला सेल लागत्यात. माझं पाऊल बिनसेलचं हाय आणि खोटं बोलत न्हाई." इंजिनिअरनंही शेवटी गच्चीला त्यांच्याच सांगण्यावरून चुना मारला. मिस्तरींची सगळी इज्जत त्या दोन तळव्यांवर उभी होती.

आणि एका वर्षी काय झालं! मिस्तरी आमच्या गच्चीवर उभे राहिले. मी सावलीत. "बीड... पाली... मांजरसुंबा... नेकनूर..." मी उडीची वाट बघतोय. उडी नाही. त्यांनी डोळे उघडले, खाली पायांकडं पाहिलं, आणि हळूच, लग्नात नाव घ्यावं तसं म्हणाले, "नांदूरघाट."

मग जो आनंद केला म्हणता! "पोचलो! आप्पा, घरी पोचलो! गेल्या वर्सीचा चुना लई पक्का बसलाय. औंदा एक बी हात नको."

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? काम वाचलं. मला सावलीतसुद्धा घाम फुटला होता, हे ध्यानात आलं नाही असं नाही. पण मिस्तरींच्या पायापुढं माझ्या घामाला कोण विचारतो? त्या वर्षी मिस्तरी सहा गच्च्यांवर नांदूरघाटला पोचले. लोक म्हणाले, माणूस सिद्ध झाला.

एप्रिल लागला आणि सहाही घरांत बोंब उठली. आमच्या अभ्यासिकेतली पोरं पुस्तकं घेऊन जिन्यात येऊन बसली. इंजिनिअर म्हणाला, मिस्तरींचं वय झालं. चौकातल्या हॉटेलात कुणीतरी तोंडावर बोललं, "कावून बे, कुणाच्या गच्चीवर उभा राहिलतास? पाय घरी ठेवून गेलतास काय?" मिस्तरी चहा टाकून उठले आणि तडक माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला.

"आप्पा, पाऊल खोटं बोलत न्हाई. तुमचा कूलरच बिघडला असंल. मी बघतो."

बघितलं. सगळं खोललं, पुसलं, बसवलं. मागच्या जाळीचा एक स्क्रू काही सापडेना. "पडला असंल कुठंतरी," म्हणत ते घरात हिंडून पंखे तपासू लागले. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो मिस्तरी, हे टक टक काय वाजतंय?"

खरंच वाजत होतं. टक. टक. टक.

"पंख्याचं बेअरिंग गेलं," मिस्तरी म्हणाले. पंखा बंद केला, स्टुलावर चढले. आवाज थांबला. "बघा! म्हणलं नव्हतं?" खाली उतरले, बटणाकडं चालले. टक, टक. पंखा तर बंदच होता. मी म्हणालो, शेजारच्यांचं काही असेल. ते भिंतीला कान लावायला गेले. टक, टक, टक. भिंतीशी उभे राहिले की सगळं शांत. असं आम्ही तिघं पाचेक मिनिटं तरी घरभर त्या आवाजामागं फिरत होतो. मी तर फ्रिजसुद्धा हलवून बघितला.

बायकोनंच फरशीकडं बोट केलं. पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके होते, स्टुलापासून भिंतीपर्यंत, एका रांगेत.

मिस्तरी खाली बसले. उजवी टाच वळवून पाहिली. कूलरचा हरवलेला स्क्रू टाचेत रुतून बसला होता. त्यांनी तो ओढून काढला, पुसला, उजेडात धरला. "तरीच म्हणलं, एक कमी कसा पडला," म्हणाले. आम्ही हसलो. तेही हसले. मग त्यांचं हसू मधेच थांबलं.

"वैनी, हे लागलं कावून न्हाई मला?"

त्यांनी दुसरा पाय वळवला. दोन्ही तळव्यांवर फोड आले होते, काही फुटून वाळलेले. सहा गच्च्यांचे फोड. माणूस सिद्ध झाला म्हणणारे आम्ही, एकानंही त्या पायांकडं वाकून पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आजही वाटते.

डॉक्टरांनी शुगर सांगितली. फार दिवसांची असणार, पायांची जाणीव गेलीय, आता अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. जखम भरेपर्यंत महिनाभर मिस्तरी घरी बसले. मग भर मे महिन्यात रबरी बूट घालून, बादली आणि कुंचा घेऊन सहाही घरी गेले. सगळ्यांना एकच सांगितलं, "माझं पाऊल खोटं बोललं. चुना मी मारून देतो." इंजिनिअर नको नको म्हणत होता. त्यालाच उन्हात बादली धरायला लावली.

आमची गच्ची शेवटची. बूट घालून ते दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "आप्पा, चपला काढा."

"मी?"

"मग काय मी? किती हात मारायचे ते कळाय नको?"

मी उभा राहिलो. "बीड, पा..." एवढ्यातच बोंबलत सावलीत उडी मारली. वाटलं, हसतील, चिडवतील. पण मिस्तरी हसले नाहीत. माझ्या लाल तळव्यांकडं टक लावून बघत राहिले.

"लई भाजलं?"

"लई."

"कसं भाजतं हो, आप्पा? सांगा की जरा."

मी नुसता पाय चोळत बसलो आणि त्यांनी चुना कालवायला घेतला.

गेल्या दिवाळीनंतर मिस्तरी गेले. यंदा धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दारात कुणी आलं नाही. दुपारी एकला मीच वर गेलो, चपला काढल्या आणि डोळे मिटले. बीड. पाली. मांजरसुंबा म्हणताना पायाखाली आग झाली, डोळ्यांत पाणी आलं आणि मी उडी मारली.

चुन्याचे दोन हात. नांदूरघाट अजून लांब आहे, मिस्तरी.